संतांच्या नावाच्या आगबोटी

कोकणच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आगबोटींची दोन घराणी होती आणि ती नावांवरूनच ओळखू येत. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीचा कारभार किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे होता. तिच्या बोटी चंद्रावती, प्रभावती, हिरावती अशा घरंदाज नावांच्या. स्वदेशीच्या लाटेत तिच्याशी टक्कर द्यायला उभ्या राहिलेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह नेव्हिगेशन कंपनीच्या बोटी मात्र तुकाराम, रामदास, सेंट अँथनी, सेंट फ्रान्सिस, सेंट झेवियर. लोक या दुसऱ्या कंपनीला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. भाग भांडवलावर चालणाऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाने ‘माझी’ म्हणावे, हा मान मराठी मुलखात क्वचितच कुणाला मिळाला असेल. धंदा आणि सद्गुण यांचे नाते काय, यावर आपल्याकडे बहुधा दोनच ठरीव मते ऐकू येतात. एक, धंद्यात धर्म आणू नये. दुसरे, धर्माने चालतो तोच धंदा टिकतो. या बोटींचा इतिहास दोन्ही मतांच्या पकडीत येत नाही. तो सांगतो ते असे, की धंद्याने सद्गुणाचे नाव घेतले तर ते खोटेच असते असे नाही, पण त्या नावामुळे गिऱ्हाईक प्रश्न विचारायचे थांबते. आणि ज्या दिवशी ते थांबते त्या दिवसापासून त्या नावाचा भार कुणाच्याच खांद्यावर राहत नाही.

आधी रत्नागिरीची अडचण समजून घ्यायला हवी, कारण गरज किती होती यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून. १९८१ पर्यंत ते एकच होते. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे दर काही कोसांवर खाडी. भात पुरे वर्ष पुरत नसे. खोताचा वाटा देऊन उरलेल्यात घर चालत नसे, म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईत असे. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे सव्वा लाखाच्या आसपास होती, म्हणजे शहरातला दर सहावा माणूस. गिरण्यांचे साचे, गोदी, पोलीस, घरगडी, सगळीकडे हा चाकरमानी. त्याचे घर आणि त्याची मजुरी यांच्यामधे रेल्वे नव्हती. ती १९९८ मध्ये पूर्ण झाली. घाटातला रस्ता लांबचा आणि खर्चाचा. राहिली आगबोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी ती उतरत जाई. बहुतेक ठिकाणी तिला धक्क्याला लागता येत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, बोचकी, आंब्याच्या करंड्या पडावातून तिच्याकडे नेल्या जात. पावसाळ्याच्या तोंडावर ही वाहतूक थांबे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. या प्रवाशाला निवड नव्हती. शिडाचे गलबत वाऱ्यावर अवलंबून, आणि गिरणीची रजा वाऱ्यावर अवलंबून नसते.

अशा प्रवाशाकडून पैसे मिळवणे सोपे असते, आणि म्हणूनच त्याच्याशी न्यायाने वागणे अवघड. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीचे नाव मोठे होते. याच शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून गुजराती लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. मुंबई सरकारने चौकशी नेमली तेव्हा बोटीवर माणसांच्या मानाने जीवनौका आणि तरंगण्याची साधने अपुरी होती असा निष्कर्ष निघाला. या कंपनीच्या बोटींवर कुठल्या संताचे नाव नव्हते. वैतरणा हे नदीचे नाव. दिवे होते, पुरेशा नौका नव्हत्या. आणि लोकांनी लाडके नाव ठेवले ते दिव्यांवरून. गिऱ्हाईक दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवते आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर जगते, हे धंद्याच्या नीतीतले मूळ कोडे आहे, आणि ते इंग्रज-देशी वादाच्या आधीचे आहे.

स्वदेशी बोट कंपन्या आल्या त्या १९०६ च्या सुमारास, वंगभंगानंतरच्या उत्साहात. त्यातली सर्वांत गाजलेली तुतिकोरिनची: चिदंबरम पिल्लई यांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये नोंदवलेली स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी, दहा लाखांचे भांडवल, पंचवीस रुपयांचा एक भाग. पिल्लई टिळकांना गुरू मानत, आणि टिळक जन्माने रत्नागिरीचे, तेव्हा या दूरच्या दक्षिणी प्रकरणाला कोकणाशी अगदीच नाते नाही असे नाही. ब्रिटिश इंडिया या इंग्रज आगबोट कंपनीने तिला बुडवायला कोलंबोचे भाडे रुपयावर आणले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली असे सांगतात. १९११ पर्यंत स्वदेशी कंपनी मोडीत निघाली. हा धडा मुंबईच्या स्वदेशी मंडळींच्याही डोळ्यांसमोर होता. ज्याच्याकडे भांडवल थोडे त्याला भाड्याच्या लढाईत जिंकता येत नाही. त्याने गिऱ्हाइकाला पैशाखेरीज काहीतरी द्यावे लागते, किंवा गिऱ्हाइकाकडून पैशाखेरीज काहीतरी मागावे लागते: निष्ठा. ‘आपली बोट आहे, आणा दोन आणे जास्त गेले तरी हिच्यातूनच जा’ असे म्हणायचे तर ‘आपली’ हे पटायला हवे. संतांची नावे इथे उपयोगी पडली.

ही नावे कुणासाठी होती हे उघड आहे. तुकाराम आणि रामदास घाटावरच्या नि कोकणातल्या वारकरी-धारकरी घरांसाठी. सेंट झेवियर, सेंट अँथनी मुंबई-पणजी वाटेवरच्या गोवेकर कॅथलिकांसाठी, ज्यांचे खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री धोबीतलाव-माझगावच्या कूडांमधून, म्हणजे गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहत आणि सणासुदीला गावी जात. यात धूर्तपणा होता असे म्हणून मोकळे होता येईल, पण मला ते पुरेसे वाटत नाही. एकाच कंपनीने देहूचा वाणी आणि लिस्बनमध्ये जन्मलेला फ्रान्सिस्कन एकाच ताफ्यात उभे करावे, यात एक मोकळेपणाही आहे जो त्या काळातल्या राजकारणात फारसा सापडत नाही. गंमत वेगळीच आहे. जी नावे निवडली गेली त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचा पैशाशी झगडा झालेला होता. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, पण परंपरा आवर्जून सांगते की धाकट्या भावाच्या वाटणीची खते त्यांनी वेगळी काढून त्याच्या हवाली केली. स्वतःच्या हिश्शाचेच औदार्य, दुसऱ्याच्या हिश्शाचे नाही. असिसीचा फ्रान्सिस कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाचे कपडेसुद्धा त्याने बापाच्या पायाशी टाकले. पादुआच्या अँथनीने सावकारीविरुद्ध इतका आग्रह धरला की १५ मार्च १२३१ रोजी त्या शहराने कायदा केला: कर्जदाराने आपली मालमत्ता देऊन टाकली तर त्याला यापुढे तुरुंगात घालता येणार नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या हावरेपणाच्या तक्रारी थेट राजाला लिहीत राहिला. या चौघांपैकी एकाचे तरी चरित्र संचालक मंडळापुढे वाचून दाखवले असते तर बोटीला नाव देण्याआधी बैठक जरा लांबली असती.

कॅथलिक विचारात धंद्याच्या नीतीची जी परंपरा आहे ती या प्रश्नाला थेट भिडते, म्हणून तिचा आधार घेतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने विक्रीतल्या फसवणुकीवर लिहिताना एक नियम घालून दिला: मालातला दोष जर न दिसणारा असेल आणि त्यातून घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होणार असेल, तर विकणाऱ्याने तो आपणहून सांगितलाच पाहिजे. दोष उघड्या डोळ्यांनी दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे १५ मे १८९१ रोजी तेराव्या लिओ पोपने कामगारांच्या प्रश्नावर काढलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात त्याच विचाराला नवे टोक आले. मजूर आणि मालक यांनी राजीखुशीने करार केला म्हणून तो न्याय्य ठरत नाही. गरजेने किंवा भीतीने दिलेली संमती ही संमती असूनही अन्यायाची असू शकते, कारण कराराच्या वर निसर्गन्यायाचा एक दंडक आहे. हे मजुरीबद्दल लिहिलेले, पण डेकवरच्या प्रवाशाला ते शब्दशः लागू पडते. त्याने तिकीट घेतले, गर्दी पाहिली, तरी चढला. त्याने संमती दिली. पण रजेचे चार दिवस आणि एकच बोट असताना ती संमती किती मोलाची? आणि जीवनौका किती, त्या सोडता येतात का, बिनतारी यंत्र आहे का, हे त्याला दिसणार कसे? अक्वायनसच्या भाषेत हे न दिसणारे दोष. संताचे नाव मात्र ठळक अक्षरांत बोटीवर दिसत असे.

११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोकण किनाऱ्यावर वादळ झाले आणि त्या एका दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या. ‘जयंती’वरचे कुणीही वाचले नाही. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघाली. इंग्लंडच्या स्वान हंटर गोदीत १९३६ मध्ये बांधलेली, म्हणजे जुनी म्हणता येणार नाही अशी बोट. आषाढी अमावास्या, गिरणगावातली माणसे घरी निघालेली. पावसाचे दिवस, समुद्र खवळलेला. सातशेच्या आसपास माणसे घेऊन ती कासा खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक बुडाली. बोटीवरून किनाऱ्याला कळवण्याची सोय नव्हती. मुंबईला बातमी कळली ती काही तासांनी, पोहत वा तरंगत आलेल्या माणसांकडून. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जे वाचवता आले ते वाचवले. ही पावसाळ्यात बंद राहणारी रत्नागिरीची वाट नव्हती, रेवसची होती, पण कंपनी तीच, डेक तोच आणि प्रवासी त्याच वर्गाचा. ‘वैतरणा’नंतर एकोणसाठ वर्षे गेली होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनाचा आहे. समुद्र नावे पाहत नाही. इंग्रजांच्या बोटी बुडाल्या, फ्रान्सच्या बुडाल्या, ‘टायटॅनिक’ बुडाली. स्वदेशी कंपनीच्याच बोटींवरून नीतीचा धडा काढणे म्हणजे मेलेल्यांच्या आधाराने वाद जिंकणे. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. वादळाचा दोष कंपनीवर ठेवता येत नाही आणि मी ठेवतही नाही. पण बुडणे आणि बुडाल्यावर मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीत माणसाचा हात असतो. इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने जादा भरलेल्या जहाजांविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला तेव्हा १८७६ मध्ये कायदा झाला: प्रत्येक जहाजावर भाररेषा रंगवायची, तिच्यावर पाणी येईल इतका माल भरायचा नाही. या कायद्यात एक मजेशीर पळवाट होती. रेषा कुठे काढायची हे मालकाने ठरवायचे. सद्गुणी मालकाने ती खाली काढली, दुसऱ्याने वर. ही रेषा कायद्याने ठरवून द्यायला १८९० साल उजाडले. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या दर्यावर्दी देशालाही चौदा वर्षांनी कळले, की मालकाच्या चांगुलपणावर सोडलेली रेषा ही रेषाच नसते. आणि कायदाही सगळ्यांना सारखा नसतो. ‘टायटॅनिक’नंतरच्या आंतरराष्ट्रीय करारांत सगळ्या माणसांपुरत्या जीवनौकांची अट आली, पण पूर्वेकडच्या समुद्रात खाट नसलेल्या, डेकवरच्या प्रवाशांची नि हाजींची गर्दी नेणाऱ्या बोटींसाठी १९३१ चे सिमला नियम आले आणि त्यांनी त्या अटींतून सवलती दिल्या. ज्याला खाट नाही त्याचा जीव स्वस्त, हे कुणी असे लिहिले नाही. हिशेब मात्र तसाच झाला. म्हणून दोष एका कंपनीचा नाही हे खरेच. पण तेवढ्याने संताच्या नावाचा प्रश्न सुटत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो. इतर सगळे ज्या हिशेबाने वागत होते त्याच हिशेबाने वागायचे असेल, तर वेगळे नाव कशासाठी?

दुसरा आक्षेप दर्यावर्दी जातींकडून येऊ शकतो. कोळी, खारवी, भंडारी, दालदी, किनाऱ्यावरची सगळीच माणसे होड्यांना देवाची, पिराची, संतांची नावे देत आली आहेत. त्यात कसली जाहिरात? ती श्रद्धा. बरोबर आहे, आणि फरक नेमका इथेच आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा माणूस होडीला देवीचे नाव देतो आणि त्याच होडीत बसून समुद्रात जातो. नावातून तो जे मागणे मागतो ते स्वतःच्या जिवासाठी. कंपनीच्या भागधारकाने बोटीला नाव दिले आणि तो मुंबईत घरी राहिला. अलास्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये सद्गुणांवरच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात कारागिरी आणि तिला सांभाळणारी संस्था यांत भेद केला आहे: कारागिरीची स्वतःची अशी श्रेष्ठता असते, जी ती करणाऱ्यालाच कळते, आणि संस्था पैसा, नाव, सत्ता यांच्यामागे जाते, कारागिरी संस्थेशिवाय जगत नाही आणि संस्था तिला नासवूही शकते. सारंग, टंडेल, खलाशी यांच्याकडे दर्यावर्दीपणाची श्रेष्ठता होती यात शंका नाही. आज निघावे की नाही हे आभाळ बघून ठरवायचे ज्ञान त्यांच्याकडे होते. निघायचे ठरवण्याचा अधिकार मात्र वेळापत्रकाकडे. संतांना कामाला लावण्यात आपण पहिले नव्हतो हेही सांगायला हवे. पोर्तुगालमध्ये लागोसच्या पलटणीत सतराव्या शतकात संत अँथनीला रीतसर शिपाई म्हणून भरती केले होते आणि पुढे बढती देऊन कप्तान केले होते. त्याचा पगार कोण घेत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

यातूनच तिसरा आक्षेप निघतो: ज्या चर्चचे संत तोफांच्या जहाजांवर गेले त्या चर्चचे तत्त्वज्ञान कोकणाला कशाला शिकवायचे? वास्को द गामाची जहाजे सांव गाब्रिएल आणि सांव राफाएल. १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदाने दाभोळ जाळले तेही याच पोर्तुगीज राज्याच्या नावाने; त्यानंतर कोकणच्या व्यापाऱ्याला स्वतःच्या समुद्रात जायला पोर्तुगीजांचा परवाना, ‘कार्ताझ’, विकत घ्यावा लागे. हे सगळे खरे आहे आणि ते लपवून कॅथलिक न्यायविचार सांगणारा माणूस अक्वायनसचाच नियम मोडतो. पण मापाची खरी-खोटी तपासणी मापाच्या मालकाच्या चारित्र्यावरून होत नाही. शिवाय या मापाची परीक्षा मराठी मुलखातच झालेली आहे, आणि तीही त्याच दशकांत. वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला १९१८ मध्ये फादर मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथलिक पतसंस्था निघाली. तीच पुढे सहकारी बँक झाली. तिच्याही नावात धर्म होता, आणि मोठा होता. फरक असा, की तिथे ठेव ठेवणारा, कर्ज घेणारा आणि मत देणारा माणूस एकच होता, आणि तो रविवारी चर्चच्या पायरीवर चालकांना भेटे. खोटे बोलले तर त्याच पायरीवर विचारले जाई. इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनीच्या नावात सहकार होता, पण रचना भागभांडवली कंपनीची. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतपुरवठ्याच्या संस्थांना लागू होता, इतर सहकारी संस्थांना दार १९१२ मध्ये उघडले. डेकवर बसणारा प्रवासी तिला ‘माझी’ म्हणत असला तरी बोट सोडायची की नाही या ठरावावर त्याचे मत नव्हते. १९३१ मध्ये अकराव्या पियूस पोपने ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रात तत्त्व मांडले, की जे काम लहान गटाला करता येते ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. वसईत ते घडले. बोटीत ते घडणे कठीण होते, कारण आगबोट दहा गावांच्या वर्गणीतून होत नाही. तिला भांडवल लागते, आणि भांडवल आले की अंतर येते.

सगळ्यांत अवघड आक्षेप यानंतरचा आहे. स्वदेशी कंपनीकडे नैतिक आवाहनाशिवाय दुसरे काय होते? तिकिटाच्या दरात ती किलिक निक्सनला हरवू शकत नव्हती. संतांची नावे, ‘आपली बोट’ हा भाव, हे सोडले असते तर ती पहिल्या दोन हंगामांतच तुतिकोरिनच्या वाटेने गेली असती आणि कोकणच्या माणसाला पुन्हा एकाच कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. स्पर्धा टिकली म्हणूनच एकाच कंपनीला मनाला येईल ते भाडे लावता आले नाही, आणि साहेबाच्या बोटीवरही प्रवाशाला थोडी माणुसकी मिळाली असेल. हे मी नाकारू शकत नाही. लोकांच्या निष्ठेवर उभा राहिलेला धंदा ही लबाडी नव्हती, ती दुबळ्याची एकमेव पुंजी होती. माझे म्हणणे इतकेच की पुंजी उधारीची होती. निष्ठा म्हणून प्रवाशाने जे दोन आणे जास्त दिले, किंवा अडचण सोसली, तो एका अर्थाने त्याने कंपनीला दिलेला कर्जाऊ विश्वास. त्याची परतफेड भाड्यात व्हायला नको होती, भाडे तर कमीच हवे होते. ती व्हायला हवी होती जीवनौकांत, खाली काढलेल्या रेषेत, खराब हवेत न सोडलेल्या बोटीत. तुकोबांनी स्वतःच्या वाट्याची खते बुडवली. इथे खते प्रवाशाच्या वाट्याची होती. नैतिक आवाहन करणाऱ्या धंद्याला सामान्य धंद्याहून कडक कायदा लागू करावा असे मी म्हणत नाही, पण त्याच्याकडे अधिक संशयाने पाहण्याचा अधिकार गिऱ्हाइकाने राखावा. स्वदेशीच्या वातावरणात तो राखणे म्हणजे द्रोह वाटे, ही त्या वातावरणाची खरी किंमत.

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावर चौगुले कंपनीच्या ‘रोहिणी’, ‘सरिता’ आल्या, मग मोगल लाइनच्या ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’. संत गेले, सेवा आली; सरकारी काळाला शोभणारी नावे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूकही संपली. पण रत्नागिरीला नावाच्या धंद्यातून सुटका मिळालेली नाही, कारण आता तिचे स्वतःचेच नाव विकले जाते. मार्चपासून मुंबईच्या बाजारात ‘रत्नागिरी’ आणि ‘देवगड’ छापलेल्या पेट्यांत परराज्यातला आंबा भरलेला सापडतो हे आता सर्वांना माहीत आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी, १९९९ च्या कायद्याखाली. बोटींच्या नावांपेक्षा इथे एक गोष्ट निराळी आहे: हे नाव कुण्या एका कंपनीचे नाही, ते उत्पादकांच्या संस्थांच्या नावे नोंदले आहे, आणि खोटे नाव लावणाऱ्यावर दावा करता येतो. दोष न दिसणारा असेल तर तो सांगण्याची जबाबदारी इथे विकणाऱ्याच्या विवेकावर सोडलेली नाही. मात्र हे चिन्ह वापरायचे तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. बहुसंख्य छोट्या बागायतदारांची ती अजून झालेली नाही, आणि त्यातले अनेक जण मोहोर येताच बाग मक्त्याने देऊन मोकळे होतात. त्यांच्या झाडाचा आंबा अस्सल रत्नागिरीचा असला तरी तो कुठल्या पेटीत, कुठल्या नावाने आणि किती भावाने गेला हे त्यांना दलालाच्या पट्टीवरूनही कळत नाही. पट्टी मक्तेदाराच्या नावाने येते.